उन्हात ठेवलेलं स्टेशन

हे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कशाबद्दल लिहावं आणि कशाबद्दल गप्प राहावं, हे विचारावं असं घरी कुणी नाही. आणि विषयसुद्धा असा की सांगताना जीभ अडखळते. प्लास्टिकचं एक स्टेशन. वहीच्या पानावर मावेल एवढं. पण त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी पुष्कळ दिवस पोटात ठेवली. ती कुठेतरी उतरवून ठेवावी, एवढ्यासाठीच हे.

धुळ्यात मी ज्यांच्या माडीवर खोली घेऊन राहतो, ते रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशन मास्तर. मी त्यांना नाना म्हणतो. चाळीसगावहून धुळ्याला येणाऱ्या लाइनीवर एक लहान स्टेशन आहे, तिथं त्यांनी अकरा वर्षं काढली. माझं गाव त्या स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावर. खोली बघायला गेलो तेव्हा मी गावाचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे तू आमचाच पॅसेंजर. ये, सामान आण."

नाना एकटेच राहतात. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, जर्मनीत असते. ती त्यांना दादा म्हणते. ती जन्मली त्याच स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये. आई गेली तेव्हा आली होती, त्यानंतर सात वर्षं आलेली नाही. भांडण असं काही नव्हतं, पण दर रविवारी फोन यायचा आणि "जेवलात का? औषध घेतलं का?" एवढ्यावर संपायचा. मात्र दिवाळीच्या सुमाराला तिच्याकडून एक खोकं यायचं. त्यात छोट्या रेल्वेचं काहीतरी: कधी डबा, कधी रूळ, कधी सिग्नल. नानांच्या समोरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाएवढी फळी होती आणि तिच्यावर रूळ गोल फिरलेले.

मी आलो त्या वर्षीच्या खोक्यात एक स्टेशन होतं. जोडलेलं नव्हे. प्लास्टिकच्या चौकटींना भिंती, दारं, खिडक्या, पायऱ्या असे दीडशेच्या वर तुकडे लटकत होते, आणि प्रत्येकाला नंबर. खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, नाना म्हणाले. दार माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढंसुद्धा नव्हतं. नानांचा हात थरथरायचा आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशन ते पुढे ढकलत होते.

"हात तुझे, आठवण माझी," ते म्हणाले. "ह्या साहेबी स्टेशनाचं आपलं स्टेशन करायचं. आता तिथं ती जुनी इमारत राहिलेली नाही, पाडली. पण मी तिला हे पाठवणार. हे बघितलं की येईल ती."

असं सरळ त्यांनी एकदाच म्हटलं. त्या दिवसापासून आम्ही काय करतोय हे मला कळलं होतं.

कॉलेज दुपारी सुटायचं. जेवण झालं की गल्ली झोपायची आणि आम्ही दोघं खिडकीशी बसायचो. तुकडा चौकटीपासून कापायचा, पॉलिश पेपरनं त्याची कड घासायची, ब्रशच्या टोकानं पाण्यासारखा पातळ गोंद लावायचा. तो गोंद चिकटवत नाही, प्लास्टिकच जरा विरघळवतो, आणि दोन भिंती एकमेकींत मिसळून जातात. मग श्वास धरून पन्नासपर्यंत मोजायचं. त्या पन्नास आकड्यांत मला काहीच ऐकू यायचं नाही. डोळे टेबलाच्या पातळीवर आणले की फलाट लांबच लांब व्हायचा, आणि मी त्याच्यावरून चालत जायचो. कधी चप्पल हातात घेऊन, लहानपणी जायचो तसा.

छपरावर एक बारीक कठडा बसवायचा होता. तो कशासाठी हे मला समजेना. आमच्याकडे ज्वारीच्या पापडांना बिबड्या म्हणतात, त्या छपरावर वाळत घालतात. पुष्कळ विचार करून मी म्हटलं, "नाना, बिबड्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून असेल."

नाना इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "अरे भाऊ, तिथं बर्फ पडतो! छपरावरून घसरून खालच्याच्या डोक्यात पडू नये म्हणून कठडा. बिबड्या म्हणे!"

कठडा आम्ही लावला नाही. धुराडंही काढलं. भिंतींची टोकं घासून छपराचा उभा उतार कमी केला, कौलांना विटकरी रंग दिला. खोक्यातल्या कोट-हॅटवाल्या इवल्या माणसांच्या हॅट कापून पांढऱ्या टोप्या केल्या. एका मडमेला टिश्यू पेपरचा पदर दिला. निंबाचं झाड केलं पऱ्हाटीच्या मुळीचं. कपाशी काढल्यावर वाळलेल्या काटक्या राहतात, त्यांची मुळी हुबेहूब झाडासारखी दिसते. आणि क्वार्टरच्या अंगणात नानांच्या हुकमानं एक खाट ठेवली. रिकाम्या रिफिलनं टिश्यू पेपरचे ठिपके टोचून काढले आणि ते खाटेवर मांडले. त्या बिबड्या.

"तिची आई घालायची," नाना म्हणाले. "आणि ही आमची कन्या अर्ध्या कच्च्याच खायची."

मे महिन्यात मी गावी निघालो तेव्हा नानांनी स्टेशन थर्माकोलच्या पेटीत ठेवून माझ्या हातात दिलं. खऱ्या जागी जाऊन फलाटाचा रंग बघायचा, रुळांजवळची बारीक खडी आणि तिथली माती आणायची, आणि शेवटचा हात देऊन परत यायचं. त्यांचा एवढा विश्वास बघून मला गाडीत नीट बसताही येईना. पेटी सगळा वेळ मांडीवर होती.

घरी मायनं पेटीत वाकून बघितलं. "हाई काय शे रे?"

"स्टेशन शे, माय. आपलंच."

"तू तठे शिकाले जास का खेयाले?" ती म्हणाली, पण बराच वेळ बघत राहिली. मग एकदम, "येमा तं बिबड्या बी शेतस!" आणि तिनं शेजारणीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपराला शेवटचा हात दिला. रंग ओला होता आणि मला खडी आणायला जायचं होतं. माय पत्र्यावर बिबड्यांचं फडकं पसरत होती. आमच्याकडे ओलं असेल ते पत्र्यावर जातं. बिबड्या, कुरडया, मिरच्या, हळद, पावसात भिजलेली पुस्तकंसुद्धा. आमच्या घरातल्या कुणाला कधी यात विचार करावा लागला नाही. माय म्हणाली, "ठेव ना ऊनमा, घडीभरमा वाई जाई." घडीभरात वाळेल म्हणून मी ठेवलं. केमिस्ट्री मी शिकतो, माय नाही. म्हणून यात तिचा दोष काढायला मला जागा नाही.

जुन्या इमारतीच्या जागी आता नुसता चौथरा आहे, तिथं मी पुष्कळ वेळ बसलो. मायची रव्याची चाळणी घेऊन गेलो होतो. रुळांपासून जरा लांब पडलेली खडीची भुकटी चाळली, निंबाखालची माती चाळली. ऊन इतकं की रूळ दूरवर पाण्यासारखे हलत होते आणि त्या पाण्यातून कुणीतरी चालत येतंय असं वाटायचं. मला वाटलं, ताई इथं उतरली तर याच बाजूनं चालत येईल. मी उगाचच तिची वाट बघत बसलो, आणि घडीभराच्या दोन घड्या झाल्या.

परत आलो तेव्हा बिबड्या कडक वाळल्या होत्या. स्टेशन मऊ पडलं होतं. फलाटाला सैल खाटेसारखा झोळ पडला होता आणि छप्पर मधोमध खाली बसलं होतं.

माय शिडीच्या पायरीवरच थांबली. "माले काय माहीत, बापा," असं दोन-तीनदा म्हणाली. मी गरम पाण्यात फलाट धरला, दोन जाड पुस्तकांत दाबून ठेवला. तो बराचसा सरळ झाला. छपराला हात लावला तर कौलं निघायला लागली. ते तसंच राहिलं.

धुळ्याला परतताना शंभर वेळा वाक्य जुळवलं. नानांनी पेटी उघडली, स्टेशन खिडकीशी नेलं. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतंच. मग त्यांनी बोटं फिरवायला सुरुवात केली. पायऱ्या, दार, खाट, निंब, मग छप्पर. छपराच्या मधोमध बोट थांबलं असं मला वाटलं. नंतर वाटलं, थांबलं नसेल. जुळवलेलं वाक्य म्हणायच्या ऐवजी मी मातीची पुडी पुढे केली.

"छान झालंय," ते म्हणाले. "माती लाव आणि बांध आता."

कुरिअरच्या माणसानं विचारलं, "आत काय आहे, आजोबा? माती, बियाणं, झाडपाला असलं काही?"

"नाही, स्टेशन आहे," नाना म्हणाले. फोटो काढून पाठवू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "अजिबात नाही. आधी हातात पडू दे."

त्यानंतर काहीच कळलं नाही. पावसाळा आला. पार्सल तिकडच्या कस्टममध्ये आहे, एवढंच मोबाइलवर दिसायचं, महिनोन् महिने तेच. माती आहे म्हणून अडवलं असेल का? फेकून दिलं असेल का? रविवारचा फोन यायचा, नाना जेवल्याचं सांगायचे आणि फोन ठेवल्यावर त्याच्याकडे जरा बघत राहायचे. मला दोन भीती होत्या. ते पोचणार नाही ही एक. आणि पोचेल, ताई वाकडं छप्पर बघेल, म्हणेल हे आमचं घर नव्हे, आणि येणार नाही, ही दुसरी. दुसरीच मोठी होती.

गणपती झाल्यावर नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा निघाला, आणि ते फळीवरची एकेक गाडी उचलून नव्यानं बघायला लागले. त्यांना आता सगळं दिसतंय म्हटल्यावर मला तिथं उभं राहवेना.

"नाना, मला एक सांगायचंय. आपल्या स्टेशनचं छप्पर वाकलेलं होतं. मी पत्र्यावर वाळत घातलं होतं."

त्यांनी हातातला डबा रुळावर ठेवला, चाकं नीट बसली का ते बघितलं. "माहीत आहे. बोटांना मोतीबिंदू होत नाही."

"मग पाठवलंत कशाला?"

"पुन्हा नव्यानं करायला घेतलं असतं तर आणखी एक वर्ष गेलं असतं. गाडी लेट निघाली तरी पोचते रे. सुटलीच नाही तर काय करणार?" मग एकदम, "आणि पत्र्यावर! अरे, कठडासुद्धा नव्हता, बिबड्यांसारखं उडून गेलं नाही हेच नशीब," म्हणून पुन्हा तसेच हसले, चष्मा काढायची सवय होती म्हणून हात डोळ्यांकडे नेत.

दिवाळीला मी गावी आलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या गाडीला पाहुण्यांना सोडून मी त्या चौथऱ्यावर बसलो होतो. गाडी गेली होती. निंबाखाली तिचा आवाज अजून राहिलेला होता. तेवढ्यात फोन वाजला. नाना.

"पोचलं," ते म्हणाले.

मी चौथऱ्यावरून उठून उभा राहिलो.

"निंब मोडलाय. बाकी शाबूत आहे. आत्ताच पाऊण तास बोलत होती."

"पाऊण तास?"

"हो ना. भांडत होती. म्हणाली, दादा, फलाटावरचा रांजण कुठंय? मी म्हटलं, राहिला बुवा. तर म्हणे, राहतो कसा? सगळा फलाट त्याचं पाणी प्यायचा."

"आणि छप्पर?"

"छपराचं काही बोलली नाही. रांजणाचंच चाललं होतं. आता तुम्ही अंदाजानं ठेवू नका म्हणाली, त्याची जागा मला माहीत आहे. स्टेशन सोबत घेऊन येतेय. संक्रांतीच्या आधी."