नाव गुप्त ठेवतो म्हणाले होते

धाराशिवला पोलीस निरीक्षक असतानाचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

बेंबळीच्या रस्त्यावर भरदुपारी एका बसचालकाला जीपमधून आलेल्या चौघांनी लोखंडी गजांनी मारलं. दोन्ही पाय मोडले. अणदूरहून पुण्याला जाणारी खासगी बस तो चालवायचा. रुग्णालयात जबाब घ्यायला गेलो, तर भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "गाडीवरून पडलो, साहेब."

त्याच्या बायकोनं मला व्हरांड्यात गाठलं. "बसचे ब्रेक धरत न्हवते. मालकाला लई सांगितलं. शेवटी यांनी आरटीओच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. नाव गुप्त ठेवतो म्हणले होते."

पुढं ठाण्यात एक निनावी फोन आला आणि जीपचा माग लागला. ढोकीजवळ जीपसह दोघं ताब्यात आले. मी त्यांना एकच प्रश्न विचारत राहिलो, तक्रार यानंच केली हे कळलं कसं? अशी माणसं फार वेळ गप्प बसत नाहीत. आपण फक्त सांगितलेलं केलं, हे सांगायची त्यांना घाई असते. त्यातला एक बोलला, "मालकानं मोबाइलवर आवाज ऐकवला. आमी त्याच्याच गाड्यांवर असतो, वळखला."

तक्रारीच्या फोनचं रेकॉर्डिंगच मालकाकडं पोचलं होतं. ते पाठवणारा तक्रार कक्षातला कर्मचारी समोर बसून शांतपणे म्हणाला, "मालक ओळखीचे आहेत. आपसांत मिटवतील असं वाटलं."

मालकाला अटक केली. बस तपासावी म्हणून परिवहन कार्यालयाला पत्र दिलं. तक्रारदाराचा जबाब आल्यावर पाहू, असं उत्तर आलं. मालकाच्या भावानं दुसरा चालक ठेवून बस चालू ठेवली. तुळजापूरच्या घाटात ती दरीत गेली. लेकीला कॉलेजात सोडायला निघालेली एक आई आणि ती लेक, दोघीही गेल्या.

ही बातमी चालकाला मीच सांगितली. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "म्या सांगितलं होतं, साहेब." त्या दिवशी त्यानं पूर्ण जबाब दिला.

खटला उभा राहीपर्यंत मात्र त्याच्या घरी माणसं येऊन गेली होती. कोर्टात तो कुबड्यांवर उभा राहिला आणि आरोपींकडं न बघता म्हणाला, "मारणारे कोण, मला वळखता येत न्हाय." मारहाणीच्या खटल्यातून सगळे सुटले.

साक्षीदारांना मी आयुष्यभर सांगत आलो होतो, घाबरू नका, तुमचं नाव बाहेर जाणार नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. एका माणसाचे पाय मोडून साऱ्या रस्त्याची तोंडं बंद करता येतात, हे मी या प्रकरणात शिकलो.

मध्यंतरी एका खासगी बसनं तुळजापूरला निघालो होतो. चालक ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "व्हय काका, धरत न्हाईत. पण सांगायचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या नावानं तक्रार दिली. तपासायला अजून कुणी आलेलं नाही. बस रोज सुटते.