दत्तरावांचे पाच ‘प’

माईक हातात आला की कुणीही माणूस ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणतो. पूर्णेचे दत्तराव मात्र म्हणतात, ‘पूर्णा, पिंगळी, पेडगाव, परभणी, परळी.’

त्याला कारण आहे. दत्तरावांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, आणि पूर्णा जंक्शनवरच्या अनाउन्समेंटचे भोंगे सांभाळणं हे त्यांचं काम होतं. आता ही पाचही नावं ‘प’वरून सुरू होणारी. भोंगा जरा घोगरा झाला की परळीला निघालेला माणूस पेडगावला उतरलाच म्हणून समजा. दत्तरावांच्या काळात असं एकदाही झालं नाही, असं ते स्वतः सांगतात. एकदा झालं होतं, असं त्यांच्या पत्नी कुसुमबाई सांगतात. पण तो माणूस कुसुमबाईंच्या माहेरचा होता आणि मुळातच ठार बहिरा होता, त्यामुळे तो धरायचा नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान मांडलं. जयंती असो, लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की दत्तरावांकडे. जयंतीच्या मैदानात तर मशीनवर नोकरीत असल्यापासून तेच बसायचे. पाचही ‘प’ वेगवेगळे ऐकू आल्याशिवाय वस्तू परत द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आणि आतून काढलेला प्रत्येक सुटा भाग कागदाच्या पुडीत बांधून, वर पेन्सिलीनं ‘निघालेला माल’ लिहून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, हा दुसरा.

अलीकडे मात्र एक काटा त्यांच्या मनात रुतून बसला होता. फेब्रुवारीतल्या एका लग्नात साउंड मिक्सरची बारीक सीं-सीं तशीच राहून गेली आणि ती दत्तरावांना ऐकूच आली नाही. जयंती समितीचे अध्यक्ष माणिकराव हसत हसत चारचौघांत म्हणाले, ‘दत्तराव, कानाचं वय झालं का काय?’ माणिकराव विसरूनही गेले. दत्तराव विसरले नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवतानासुद्धा ते आता कुसुमबाईंकडे चोरून बघायचे.

जयंतीला पाच दिवस होते तेव्हा गल्लीतली धम्मशीला सकाळी धावतपळत आली. ही परभणीच्या एका शाळेत गणित शिकवते, रोज रेल्वेनं जाऊन येऊन करते आणि जयंतीच्या गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तिनं साबणाच्या डबीएवढी एक लोखंडी पेटी काउंटरवर ठेवली. वाजवताना पायानं दाबायची, मागंपुढं वायर लावायची. मधूनच आवाज बंद पडायलाय, तेवढं बघा, एवढंच सांगून ती गाडीसाठी पळाली.

बिघाड अगदी साधा होता. वायर खोचायची जागा ढिली झाली होती, ती पाच मिनिटांत घट्ट झाली. मग दत्तरावांनी सवयीनं त्या पेटीतून माईक जोडला आणि गावांची नावं घेतली. भोंग्यातून जे बाहेर पडलं ते ऐकून त्यांना घाम फुटला. पूर्णा कुठली आणि परळी कुठली, पाचही गावं एकाच खड्ड्यात पडल्यासारखी गुरगुरत होती. असल्या पेटीवर पोरगी इतके दिवस भागवत होती आणि संकोचानं बोलली नाही, याचं दत्तरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी पेटी पुन्हा उघडली, अख्खी दुपार घालवली आणि चोर पकडले. दोन बारीक डायोड होते. आवाज जरा वर चढला की ते त्याचे शेंडे छाटून टाकत होते. दत्तरावांनी दोन्ही उपटले आणि पुडीत बांधले. पाचही ‘प’ लख्ख वाजू लागले. कान शाबूत आहेत म्हणायचे, असं वाटून ते त्या दिवशी दोन चहा जास्त प्याले.

संध्याकाळी धम्मशीलानं पेटीला गिटार जोडली, तार छेडली आणि तिचा चेहरा पडला. आतलं काही काढलं का, म्हणून तिनं विचारलं. दत्तरावांनी मोठ्या अभिमानानं पुडी पुढं केली. ती पुडीकडे बघत राहिली आणि मग उंबऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ती पेटी आवाज फाडण्यासाठीच बनवलेली होती.

दत्तरावांना ही थट्टा वाटली. तेव्हा तिनं मोबाइल काढला. अमेरिकेचा जिमी हेंड्रिक्स दाखवला. डावखुरा माणूस, आणि पायाशी गोल पेटी, तिचं कामच आवाज फाडायचं. इंग्लंडच्या डेव्ह डेव्हिसनं तर ब्लेड घेऊन आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदाच चिरला होता, तो आवाज मिळावा म्हणून. हे ऐकून दत्तरावांनी कानांवर हात ठेवले. फाटलेले पडदे कागद आणि डिंक लावून सांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ब्रायन मे नावाच्या गिटारवाल्यासाठी त्याच्या साथीदारानं कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून अ‍ॅम्प्लिफायर बनवला, हे मात्र त्यांना मनापासून पटलं. हा माणूस कामाचा आहे, असा त्यांनी शेरा दिला.

पण ते डायोड परत बसवायला त्यांनी साफ नकार दिला.

‘लोक तुझ्याकडं बघणार न्हाईत, बाई,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडं बघतील. दत्तरावचा भोंगा फाटला म्हणतील. कान गेले म्हणतील. पुढच्या जयंतीला मला कोन बोलवल?’

धम्मशीलानं गिटारची वायर काढली. मग म्हणाली, ‘काका, माझे आजोबा गायचे तवा वरच्या पट्टीत त्यांचा गळा फाटायचा. मशीनवर तुमीच असायचे. तुमी तो कधी साफ केला का?’

दत्तरावांनी पुडी उचलून पुन्हा घट्ट बांधली. तिनंही जास्त ताणलं नाही. तुमची इज्जत मोठी हाय, मी साधंच वाजवीन, असं म्हणून पेटी तिथंच ठेवून ती गेली.

आता तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. समजूतदार माणसानं माघार घेतली की समोरच्याची झोप उडते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दत्तरावांचं कशातच लक्ष लागेना. आजोबांचा गळा फाटायचा त्या जागी आपण काय करायचो, ते त्यांना नीट आठवत होतं. ते आवाजाचं बटण एक घर वर सरकवायचे. अंगावर काटा यायचा, म्हणून सरकवायचे.

आत कुसुमबाई ब्लाउजचं कापड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कडेला कातरीनं एवढीशी खाच मारली, दोन्ही हातांनी कापड धरलं आणि चर्रकन फाडलं. ते दोरी धरल्यासारखं सरळ फाटलं. दत्तराव बघतच राहिले.

‘आवं, असं काय बघायलात?’ कुसुमबाई म्हणाल्या. ‘धाग्यावर फाडलं की सरळ फाटतं. कातर बी एवढी सरळ जात न्हाई.’

तीस वर्षं ही बाई त्यांच्या डोळ्यांदेखत कापड फाडत होती आणि त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ते उठले, पुडी सोडली आणि ते दोन डायोड परत बसवले. गायन पार्टीतल्या एका पोराची गिटार मागून आणून तार छेडली तर नुसता कर्कश चरचराट निघाला. ही फाडायची रीत नव्हती. मग त्यांनी माळ्यावरून आपला जुना रेडिओ उतरवला. त्यातले डायोड जुन्या जातीचे, नरम स्वभावाचे, शेंडे छाटतानाही अदबीनं छाटणारे. ते बसवून त्यांनी परत तार छेडली. आवाज फाटला, पण गोल फाटला, भरून आला. आत शिलाई मशीनवरचा कुसुमबाईंचा पाय थांबला.

‘हे बरं हाय,’ आतून आवाज आला.

दत्तरावांनी पेटी धम्मशीलाकडे पोचती केली, सोबत नियमाप्रमाणे पुडी. पुडीवर ‘निघालेला माल’ वाचून तिनं आत डोकावलं, आपलेच दोन डायोड ओळखले, गिटार जोडून तार छेडली आणि त्यांच्या जागी दुसरे बसलेत हे समजून चुकली.

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. दत्तरावांनी माईक हातात घेऊन पाच गावं म्हटली आणि पाचही शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली. पोरांनी नेहमीप्रमाणे त्यांच्यामागोमाग गावं म्हटली. पहिलं गाणं साधं झालं. दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर गायक थांबला, धम्मशीलानं पेटीवर पाय दिला, आणि सगळ्या मैदानावरून तो आवाज फाटत गेला.

दत्तराव म्हणाले होते तसंच झालं. स्टेजकडे कुणी बघेना. शेकडो माना वळल्या त्या त्यांच्याकडे. माणिकराव खुर्च्यांमधून वाट काढत जवळजवळ धावतच आले आणि बटणाकडे हात नेत म्हणाले, ‘दत्तराव, भोंगा फाटलाय. बंद करा.’

दत्तरावांनी बटणावर आपला हात ठेवला.

‘फाटला न्हाई, माणिकराव,’ ते म्हणाले. ‘फाडलाय. म्या फाडलाय.’

माणिकरावांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी एकदा दत्तरावांकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे पाहिलं, थोडं ऐकलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मागच्या माणसाला सांगितलं की बिघाड नाही, दत्तरावनंच फाडलाय. त्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. दत्तरावनं फाडलाय, दत्तरावनं फाडलाय, असं होत होत ती खबर शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि जिथं जिथं ती पोचली तिथल्या माना पुन्हा स्टेजकडे वळल्या. बायकांच्या बाजूला कुसुमबाई पदर सावरून ऐटीत बसल्या होत्या.

धम्मशीला वरच्या पट्टीत शिरली. दत्तरावांच्या अंगावर काटा आला, आणि त्यांनी बटण एक घर वर सरकवलं.