फॉर्मवर मी 'सात' लिहिलं

मित्रांनो, आज दुपारी ऑफिसात एक खोटं बोलले.

पत्रकारितेची एक विद्यार्थिनी आली होती. आमच्या दैनिकात आणि सरकारी रेडिओ केंद्रात किती माणसं काम करतात, त्यांना काय मिळतं, याची ती तुलना करतेय. रेडिओवाल्यांनी भरलेला फॉर्म तिने दाखवला. त्यांनी मानधनावरचीही माणसं मोजली होती.

मी यवतमाळ कार्यालयातली पगारी माणसं मोजली आणि आमच्या फॉर्मवर 'सात' लिहिलं.

तेवढ्यात देवराव आत आले. चौदा वर्षं बोरी अरबहून बातम्या पाठवणारे आमचे वार्ताहर. पगार नाही, जाहिरात आणली तर कमिशन. कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेचे फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन एसटीने आलेले.

"काका, तुम्ही इथेच काम करता का?" पोरीने विचारलं.

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "हे आमचे हितचिंतक."

हितचिंतक! कालची पहिल्या पानावरची बातमी त्यांचीच होती हो.

ते नुसते हसले. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि जाताना हळूच म्हणाले, "ताई, आज फोटोखाली माह्यं नाव नका टाकू. ते पोरगी उद्या पेपर पाहीन, तुमाले उगाच अडचण होईन."

नाव टाकलंय. आता तिला फोन करून आकडा दुरुस्त करायचाय. पण गावोगावचे आमचे वार्ताहर नेमके किती, हेच मला माहीत नाही. पेपरात काम करणाऱ्यांनो, तुम्ही तरी तुमचे कधी मोजलेत का?