दोनदा सांगितलेली बातमी

अक्का गेल्याचं मला कचेरीत कळलं. दुपारी नकला उतरवीत बसलो होतो आणि दारात शांताचा दीर उभा राहिला. शांता ही आमची सगळ्यांत धाकटी बहीण, जवळा बाजारला दिलेली. तिच्या बाळंतपणासाठी अक्का तिकडं गेली होती, ती तिकडंच राहिली होती. दीर मोटारीतल्या धुळीनं माखला होता. तो म्हणाला, "तापात गेल्या. काल सकाळी. तुमाला वेळेवर कळवता आलं न्हाई." मी लेखणी पुसली, दौतीला झाकण लावलं आणि साहेबांना सांगायला उठलो. 'माझी थोरली बहीण वारली' एवढंच सांगायचं होतं, पण ते वाक्य तोंडातून निघेना. दुःखानं नव्हे, दुःख नंतर आलं. तेच वाक्य मी पूर्वी एकदा बोललो होतो, म्हणून निघेना. सहा वर्षांपूर्वी, अक्का भिंतीपलीकडं जिवंत बसलेली असताना.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी लिहायचं तर आधी त्याचे गुण लिहावेत, असा रिवाज आहे. पण ती सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला अक्काचा एकही गुण सांगता यायचा नाही.

अक्काचं नाव वेणू. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शांताहून पंधरा. शांताच्या जन्मानंतर वर्षभरात आई गेली. अक्का तेव्हा वसमतकडं सासरी नांदत होती. एकोणिसाव्या वर्षी तिच्या खालच्या ओठाखाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. सासूला वाटलं, विड्याचा चुना लागलाय. "तोंड पुस गं," म्हणाली. अक्कानं पुसलं, पुन्हा पुसलं, पदर ओला करून पुसलं... तो चुना नव्हता. वर्षभरात ठिपका ओठांवर पसरला, मग पापण्यांवर, मग दोन्ही हातांच्या बोटांवर. वैद्यानं बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं, त्यानं फोड तेवढे आले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे कोड आहे, लागट नाही, यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण डॉक्टरांचं ऐकतो कोण? सासरच्यांनी 'हवापालट' म्हणून तिला माहेरी धाडलं आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांनी छकड्याला दोन्हीकडून घोंगडी बांधून तिला हिंगोलीला आणलं. मी चौदा वर्षांचा होतो. छकडा दाराशी लागल्यावर अण्णांनी आधी खाली उतरून गल्ली दोन्ही बाजूंनी न्याहाळली, मग अक्काला उतरवलं. गल्ली तशी न्याहाळायला मी त्या दिवशी शिकलो.

पुढं दहा वर्षं अक्का घराबाहेर पडली नाही. शांताला तिनंच वाढवलं. न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, गोष्टी सांगितल्या. पण शांता अंगणात खेळायला गेली की अक्का दाराच्या आतल्या अंगाला उभी राहायची. पाणी उजाडायच्या आत भरायची. कुणाची चाहूल लागली की ती आपसूक आत जायची, तिला सांगावं लागत नसे. माझ्या लग्नात ती चार दिवस माळवदावरच्या खोलीत होती. तिचं ताट वर जायचं आणि रिकामं खाली यायचं. अण्णा गेल्यावर हा सगळा पहारा माझ्याकडं आला आणि खरं सांगायचं तर मी अण्णांपेक्षा कडक निघालो. कुणी दोघं पाराशी बोलत उभी दिसली तरी मी पाय हळू टाकून कान लावायचो. आपल्या घराबद्दलच बोलून राहिले असतील... शांता मोठी होऊन राहिली होती. तिला कोण करून घेणार, या काळजीनं मी चोविसाव्या वर्षीच म्हाताऱ्यासारखा चालायला लागलो होतो.

शांताला बघायला परभणीकडून मंडळी आली. तालेवार घर, मुलगा वकिलीच्या परीक्षेला बसलेला. मी आठ दिवस आधीपासून धास्तावलेला. अक्काला म्हणालो, "तू कोठीच्या खोलीत बस, कडी आतून लाव." ती म्हणाली, "लावते. खोकला आला तर तोंडात पदर धरीन." तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच शांताची काळजी होती. पोहे झाले, शांतानं सगळ्यांना नमस्कार केला, मंडळी खूश दिसली. मग मुलाची आई सुपारी कातरता कातरता माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मुलीला थोरली बहीण आहे म्हणतात. वसमतकडं दिलेली?"

कोठीची खोली माझ्या पाठीशीच होती. मधे मातीची भिंत.

मी म्हणालो, "होती. वारली ती."

"अगंबाई. काय झालं होतं?"

"ताप आला होता," मी म्हणालो. पुढं तर असंही म्हणालो की फार गुणाची होती.

मंडळी गेल्यावर कोठीची कडी निघाली. अक्का बाहेर आली, परसात गेली, उष्टी भांडी घासायला बसली. मी दोन-तीनदा परसाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. सकाळी मी कचेरीत जायला निघालो तर अक्का हातात पिशवी घेऊन, डोईवरचा पदर कानामागं खोचून उंबऱ्यात उभी. चेहरा उघडा. दहा वर्षांत तो चेहरा मी पुऱ्या उजेडात पाहिला नव्हता.

"कुठं निघालीस?"

"बाजारला."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

"कुणाला म्हणतील, दत्तू?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी तर वारले ना काल. मेलेल्या माणसाला कोण काय म्हणून राहिलंय?"

आणि ती गेली. मी कचेरीत न जाता तिच्या मागं मागं गेलो. तिची राखण करायला गेलो असं सांगायला मला आवडेल, पण मी गेलो ते कोण कोण बघतंय हे बघायला. लोक बघत होते. भाजीवालीनं वांगी तिच्या पिशवीत लांबूनच टाकली. एका बाईनं लेकराला ओढून मागं घेतलं. मी गाड्यांच्या आडोशानं चालत होतो. अक्का मात्र सावकाश चालत होती. मधेच थांबून पेरूच्या ढिगाचा वास घेत होती. मग ती मणेरणीपाशी गेली. चाँदबी नावाची म्हातारी मणेरीण होती, जमिनीवर बांगड्यांच्या चळती मांडून बसायची. अक्का तिच्यापुढं बसली, पण हात पदरातच ठेवला. चाँदबी म्हणाली, "हात दिखाव अक्का." अक्का म्हणाली, "हाताला कोड आहे." चाँदबीनं सरळ तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, बोटं चुरून चुरून मऊ केली आणि म्हणाली, "कोडाचं मला काय करायचंय? मला मनगटाचं माप पायजे. बराबर बसली तर बांगडी, न्हाई तर काच."

घरच्यांखेरीज दुसऱ्या माणसाचा हात अक्काला दहा वर्षांनी लागला होता. मी कापसाच्या गाडीमागून बघत होतो. अक्का रडत असेल असं वाटलं. ती हसत होती.

परभणीचं स्थळ महिन्याभरात मोडलं. 'मयत बहीण बाजारात दिसली' असा निरोप मध्यस्थाबरोबर आला. मी तो निरोप अक्काला तिच्या तोंडावर ऐकवला आणि नंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोललो नाही. शांता रोज रडायची. पण अक्का काही आत गेली नाही. ती बायकांबरोबर औंढ्याला देवदर्शनाला पायी जाऊन आली. उन्हानं तिचे पांढरे ओठ आणि बोटं भाजून लाल झाली. रात्रभर खोबरेल चोळत बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आग होतेय गं. पण ऊन लागलं की आग होते, हे सुद्धा मी विसरले होते बघ." तिनं संक्रांतीला घरात हळदीकुंकू केलं. स्वतः दारोदार जाऊन बोलावणं केलं. दुपारभर मी आतबाहेर करत होतो. कुणीच आलं नाही तर? आणि आलं, बघून परत गेलं तर? दिवस कलेपर्यंत मोजक्याच बायका आल्या. अक्कानं त्यांना इतका वेळ बसवून घेतलं, इतकं हसवलं की शेजारच्या दोघी भिंतीवरून डोकावल्या आणि मग लुगडं बदलून आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं मी अक्काला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "तू त्यांचीच पंगत मांडून बस. मला आलेल्यांचं उष्टं काढायचंय."

दीड वर्षानं जवळा बाजारचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांकडं गावातल्या देवळाची पूजा होती, म्हणजे सोवळंओवळं आलंच. मी अक्काला काही सांगायचं धाडस केलं नाही, फक्त तिच्याकडं बघितलं असेन. उन्हाळ्याचे दिवस, पाहुणे बैलगाडीतून दमून आलेले. ते टेकतात न टेकतात तोच अक्का गूळ आणि पाण्याचा तांब्या-पेला घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या वडिलांपुढं उभी राहिली. "मी मुलीची थोरली बहीण. वेणू. मला कोड आहे. घरात आणखी कुणाला नाही. नीट बघून घ्या."

तिनं पेला पुढं धरला. पेल्याभोवती तिची पांढरी बोटं. त्या गृहस्थांनी बोटांकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. आता हे म्हणतील, नुकतंच पाणी पिऊन आलो. किंवा पेला घेतील आणि खाली ठेवून देतील... सगळं माहीत होतं मला, लोक काय काय करतात ते. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पेला घेतला, वरून घटाघटा पाणी प्यायलं आणि पेला तिच्यापुढं धरला.

"ऊन लई हाय," म्हणाले. "अजून एक द्या."

शांताचं लग्न ठरलं. अक्का मांडवात सगळ्यांच्या पुढं होती.

या वर्षी इकडं लुटालूट-जाळपोळ सुरू झाली, त्या गडबडीत आमची अर्धी गल्ली पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. मीही बायकोमुलांना घेऊन गेलो. अक्काला म्हटलं, चल. ती म्हणाली, शांता पोटुशी आहे, मी तिच्याजवळ राहते. चार महिने मी तिकडं रोज वाईट बातमीची वाट बघत होतो. परत आल्यावर पहिल्यांदा जवळा बाजारला गेलो, तीच आमची शेवटची भेट. ती शांताचं लेकरू पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. मी तिथंच बसलो आणि सहा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते कसंबसं बोललो. ती लेकराच्या टाळूवर तेल घालत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणालास ते मला लागलं रे. अजून लागतं. ते चांगलंच झालं असं काही मी म्हणायची नाही, दत्तू. पण त्या दिवशी कोठीत बसल्या बसल्या मी वाट बघत होते... आता आणखी काय होईल म्हणून. आणि व्हायचं काही उरलंच नव्हतं. सकाळी उठले तर भीती कुठं ठेवली ते सापडेना." तिनं लेकराला पायावर पालथं घातलं आणि विचारलं, "तुझी अजून हाये का?"

मी म्हणालो, हाये. ती हसली आणि म्हणाली, "पाणी ओत. गार होऊन राहिलंय."

दहाव्याला जवळा बाजारला गेलो. विधी आटोपल्यावर शांताच्या सासूनं मला बाहेर नेऊन दाराशी अंथरलेलं एक बसकर दाखवलं. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून, लाल दोऱ्यानं टाचलेलं. अक्कानं इथं आल्यावर शिवलं होतं. रोज सकाळची कामं उरकली की ती रस्त्याकडं तोंड करून त्यावर बसायची, गहू निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. सासूबाई म्हणाल्या, "उचलावं म्हणते, पण बाया येऊन इचारतात. म्हून रोज घालते आन संध्याकाळी झाडून आत ठेवते."

त्या आत गेल्या. मी जरा वेळ उभा राहिलो. समोर दुकानात माणसं होती, रस्त्यानं बैलगाड्या जात होत्या. पुरुषानं, त्यातून सुतकातल्या माणसानं, मुंडन केलेल्या डोक्यानं बहिणीच्या सासरच्या दारात बायकांसारखं बसावं... मी दोन्ही बाजूंना बघितलं. मग बसलो. दुकानातली दोघं माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. काय बोलली असतील ते मी मनात जुळवायला लागलो, नेहमीसारखा. तेवढ्यात डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली एक बाई समोर येऊन थांबली.

"अक्काचे कोण तुमी?"

"धाकटा भाऊ," मी म्हणालो.

तिनं पाटी सावरली, मला नीट बघून घेतलं. "बसा मग," म्हणाली आणि पुढं गेली.

मी बसून राहिलो.