पांढरा कपलर

गुरुजींना बिघाड समोर दिसत असला तरी ते आधी त्याच्याकडे जात नसत. जळलेली वायर डॅशबोर्डखाली उघडी लोंबत असायची, गाडीवाला बोट दाखवून सांगत असायचा, आणि गुरुजी शांतपणे बॉनेट उघडून बॅटरीपाशी उभे राहायचे. तिथून सुरुवात. मग एकेक जोड तपासत तासाभराने ते त्या वायरीपाशी पोहोचायचे आणि ती आत्ताच सापडल्यासारखी मान डोलवायचे. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हे बघवत नसे. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नाही आणि कबूल करायची लाज वाटते आहे.

वाराणसीत मैदागिनच्या रस्त्यावर त्यांचं एका शटरएवढं दुकान होतं. आत फक्त माणूस आणि सामान, गाड्या बाहेर रस्त्याच्या कडेला. बाजार त्यांना पंडित मिस्त्री म्हणायचा. मी गुरुजी म्हणू लागले, कारण पांढरा सदरा, कपाळाला गंध आणि हातात टेस्ट लॅम्प अशा माणसाला दुसरं काय म्हणावं ते मला सुचलं नाही. घराणं दुर्गाघाटावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं. वडील ब्रह्मा घाटावर वेद शिकवायचे. आयुष्यभर मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस राहायचा मात्र अशा गल्लीत, जिथे एक बैल समोरून आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं असतं.

मी मूळची साताऱ्याची. बँकेने बदली केली म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकटी इथे आले आणि महमूरगंजला फ्लॅट घेऊन राहिले. निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याची मोठी, जुनी, ऑटोमॅटिक गाडी मी हौसेने विकत घेतली. तिची ड्रायव्हरची सीट विजेवर पुढेमागे व्हायची. दाराच्या बाजूला सीटच्याच आकाराचं एक छोटं बटण होतं, ते ढकललं की सीट गुरगुरत सरकायची. माझी उंची पाच फूट, त्यामुळे मला हे सुख फार वाटायचं. एकदा गाडी धुणाऱ्याने सीट पार मागे नेली आणि ती तिथेच राहिली. ब्रेकपर्यंत माझा पाय पोहोचेना. पाठीशी दोन लोड घेऊन, नाक काचेला लावून, मी कशीबशी मैदागिनपर्यंत आले. तीन गॅरेजवाल्यांनी आधीच सीटची मोटर बदलायला सांगितलं होतं.

गुरुजी बॉनेटमध्ये वाकलेले होते आणि मी आत बसून ते बटण दाबत होते. "मेलं हे बटण," मी स्वतःशीच म्हणाले. बॉनेटमागून मराठीत उत्तर आलं, "मेलं नाही ताई, जिवंत आहे. त्याचा करंट पुढे पोचत नाही फक्त."

आठ महिन्यांत कुणी माझ्याशी समोरासमोर मराठीत बोललेलं नव्हतं. आईशी फोनवर बोलायचे तेवढंच. मी गाडीतून उतरले आणि उगाचच डोळे पुसत उभी राहिले. धूळ गेली म्हणून सांगितलं.

त्यांच्या पद्धतीचं मूळ मला त्याच दिवशी कळलं. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा, टोक वायरीच्या जोडावर टेकवायचं, दिवा लागला तर करंट आहे. हे सगळेच मिस्त्री करतात. गुरुजी ते जोड्यांनी करायचे आणि तोंडाने म्हणत जायचे. बॅटरी-फ्यूज. फ्यूज-स्विच. स्विच-कपलर. कपलर-मोटर. प्रत्येक जोडीत मागचा शब्द परत घ्यायचा. वेदाच्या क्रमपाठात मंत्रातले शब्द असेच म्हणतात, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, म्हणजे मधला एकही निसटत नाही. लहानपणी वडिलांनी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. "मंत्र विसरलो ताई, चाल राहिली," ते म्हणाले.

मंत्र सुटले कसे, तेही त्यांनी नंतर सांगितलं. घाटावरच्या गणेशोत्सवात वडिलांचं पठण चालू असताना लाउडस्पीकर बंद पडला. बारा वर्षांचे गुरुजी मागच्या रांगेत पाठ म्हणत बसले होते. ते उठले, वायर शोधली, दातांनी सोलून जोडली. वडिलांचा आवाज पुन्हा घाटापर्यंत गेला. पाठ अर्धा टाकून उठला म्हणून वडिलांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून शिकायला बसवलं नाही आणि पुढे कधी त्यांचं दुकानही पाहिलं नाही. हे सांगताना गुरुजी हसत होते. मला काही हसू आलं नाही.

माझ्या सीटचा बिघाड त्या दिवशी चौथ्या जोडीत सापडला. सीटखाली वायरी एकमेकींना जोडणारे दोन प्लास्टिकचे कपलर होते. एक पिवळा, एक पांढरा. "पिवळ्याला कधी हात नाही लावायचा, तो एअरबॅगचा. आपला पांढरा," त्यांनी बजावलं. पांढरा उघडला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. मग त्यांनी सीटखालून एक प्लास्टिकचा कॅन बाहेर काढला. साताऱ्याच्या नातेवाइकांसाठी मी भरून ठेवलेलं गंगाजल. बुडाशी चीर गेली होती आणि महिनाभर ते थेंबथेंब कपलरवर गळत होतं. मी ओशाळले. गुरुजींनी पिना पॉलिश पेपरने घासल्या, ग्रीस लावलं आणि म्हणाले, "गंगेचं असलं तरी पाणी ते पाणी. वायरीला पुण्य नाही कळत."

खट् असा आवाज झाला, कपलर बसला आणि सीट गुरगुरत पुढे आली. मी घरी आले. त्यानंतरचा आठवडा मला अजून आठवतो. बँकेत दिवसभर हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, लिफ्टमध्ये शेजारणीशी हिंदी. तीही सगळी चांगली माणसं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं की आपण दिवसभर दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने वावरलो असं वाटायचं. शनिवारी मी खाली गेले, सीटखाली हात घातला, पांढऱ्या कपलरचा खटका दाबला आणि तो ओढून काढला.

दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडण्यात माझी हयात गेली. पण रविवारी सकाळी मी सरळ चेहऱ्याने मैदागिनला जाऊन सांगितलं की सीट परत चालत नाही. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. बॉनेट उघडलं. "बॅटरी-फ्यूज," ते म्हणाले, आणि मी स्टूल ओढून बसले.

हे दोन वर्षं चाललं. दर रविवारी नाही, संशय नको म्हणून एखादा सोडायचे. मधूनच वायपरची किंवा हॉर्नची तक्रार घेऊन जायचे. गुरुजी प्रत्येक वेळी बॅटरीपासून सुरू करायचे आणि तेवढ्या वेळात आम्ही जगातलं सगळं बोलून घ्यायचो. मी थालीपीठ नेलं की ते एक तुकडा मोडून बराच वेळ चघळायचे आणि त्यांच्या बायकोच्या हातचं कसं असायचं ते सांगायचे. ती होती तोवर घरात मराठी होती. मुलगा शिकायला म्हणून लहान वयातच बाहेर पडला, आता बंगळुरूला होता आणि फोनवर हिंदीतच बोलायचा. आजूबाजूची मराठी घरंही कमी होत चालली होती. गुरुजींची मराठी म्हणजे एक नमुनाच. अर्धी हिंदी, आणि उरलेली इतकी जुनी की साताऱ्यातही आता कुणी बोलणार नाही. पत्र्याच्या कपाटाला ते फडताळ म्हणायचे. "ताई, फडताळातून जरा प्लायर देऊन द्या," असं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

घाईच्या गिऱ्हाइकाशी त्यांचं जमत नसे. एक व्यापारी एकदा तणतणला की सरळ मोटर बघा, हा पूजापाठ कशाला. गुरुजींनी हात पुसले आणि त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला. तो गेल्यावर मला म्हणाले, "खराबी कुठे पळून नाही जात. ती आपल्या जागेवर बसलेली असते. आपणच उडी मारून तिच्या पुढे निघून जातो."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांना तपकिरी आणि लाल वायर वेगळी दिसेनाशी झाली. ते वायर उन्हात धरून मला रंग विचारू लागले. मी सांगायचे. मला ते कामच आवडू लागलं होतं, इतकं की त्याचा अर्थ काय याचा विचार मी केला नाही.

कार्तिक संपता संपता एका रविवारी मी नेहमीप्रमाणे कपलर काढून गेले. दुकान निम्मं रिकामं होतं. गुरुजींनी बॉनेट उघडलं. बॅटरी-फ्यूज, फ्यूज-स्विच, स्विच-कपलर सगळं म्हणून झालं. मग ते सीटखाली वाकले, कपलर खट्कन बसवला आणि फडताळातून मेणाचा दोरा काढून त्याच्याभोवती घट्ट गुंडाळू लागले. मी विचारलं, हे काय.

"मुलगा परवा न्यायला येतोय. डोळ्यांनी काम होत नाही आता," ते म्हणाले. "पुढच्या वेळी कपलर निघाला तर लावायला मी नाही. म्हणून बांधून टाकतो."

त्यांनी गाठ मारली, आणि तोंड सीटखालीच ठेवून म्हणाले, "कपलर आपोआप निघत नाही ताई. त्याला खटका असतो. तो बोटाने दाबावा लागतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही लाजेने आला नसता." ते उठून उभे राहिले. "पण एक नाही समजलं मला. गाडी कशाला बिघडवत होता? माझ्या घरापर्यंत तर गाडी येतही नाही. पायी यायचं होतं."

बँकेत काम असल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही, आणि मी तोच कायदा जगाला लावून बसले होते. दोन वर्षांत त्यांचं घर पाहावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या दुपारी मी त्यांची हत्यारांची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर गल्लीत शिरले. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुर्गाघाटावरच्या त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्तमानपत्रांची चळत होती, तिच्यावर बरेच दिवस कुणी बसलेलं दिसत नव्हतं. त्यांनी ती रिकामी केली, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि मला बसवलं. चहा पिऊन निघताना टेस्ट लॅम्प माझ्या हातात दिला. मला तो कशाला, असं मी म्हटलं नाही.

ते बंगळुरूला गेल्यावर मी रविवारी फोन करायचे. सुरुवातीला ते भरभरून बोलायचे, मग कमी. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी उलट त्यांच्या मुलाचाच फोन आला. गुरुजी आठवडाभर अंथरुणावर होते. "पापा अब मराठी ही बोलते हैं," तो म्हणाला. "मैं समझ तो लेता हूँ, जवाब नहीं दे पाता। आप ज़रा बात कर लीजिए।" त्याने फोन त्यांच्या कानाशी धरला.

श्वासाचा आवाज येत होता. मग, "ताई, सीट चालते?"

"नाही चालत, गुरुजी," मी म्हणाले. "परत तेच."

पलीकडे श्वास संथ झाला. मला वाटलं, झोप लागली. मग आवाज आला, जरा वर चढलेला. "बॅटरीपासून धरा. बॅटरी-फ्यूज?"

गाडी खाली उभी होती आणि मी वर स्वयंपाकघरात. "आहे," मी म्हणाले.

"फ्यूज-स्विच?"

"आहे."

"स्विच-कपलर?"

"कपलर निघालाय, गुरुजी."

त्यांनी स्वतः मेणाच्या दोऱ्याने बांधलेला तो कपलर. ती गाठ सुटणारी नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. "लावा," ते म्हणाले. "आरामसे. मी ऐकतोय."

ओट्यावर माझं बॉलपेन पडलं होतं. मी ते फोनजवळ धरलं आणि त्याचं बटण दाबलं. खट् झालं.

"हां," गुरुजी म्हणाले. "बसला."

गुरुवारी सकाळी मुलाने गुरुजी गेल्याचं कळवलं. मी बँकेत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि टेस्ट लॅम्प घेऊन खाली गेले. सीटचं बटण ढकललं. सीट गुरगुरत मागे गेली, गुरगुरत पुढे आली. काहीही बिघडलेलं नव्हतं. मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीपाशी जाऊन उभी राहिले.