उजव्या हाताचा छाप

पेसाहच्या, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या, आधी आमच्या पेणच्या घरात कामांचा क्रम ठरलेला होता. भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई, तांदूळ निवडणं, काळे मनुके भिजत घालणं. अनशीची, म्हणजे आमच्या आंबट कालवणाची, बरणी झाकून माळ्यावर जायची. जुनी माणसं सणाला नावच त्यावरून देत: अनशी ढाकायचा सण.

शेवटचं काम बाबांचं. रोह्याचे एक काका येऊन आमच्या रीतीनं बकरं कापत. बाबा उजवा पंजा रक्तात बुडवून पांढऱ्या कागदावर उठवत आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लागे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आमचे पूर्वज गुलाम असताना ज्या घरांवर रक्ताची खूण होती ती घरं मरणानं वगळली, त्याची ती आठवण. पुढच्या वर्षी चुना मारण्याआधी जुना कागद काढून अंगणात पुरायचा, नव्याला जागा करायची. त्यामुळे बाबांचा जुना एकही छाप आमच्याकडे शिल्लक राहत नसे.

त्या वर्षी थंडीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. उजव्या हाताची बोटं तळव्यात वळली ती उघडेनात. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून झालं होतं. आईनं ते कानाआड केलं.

"छाप त्यांचाच लागला पाहिजे," ती म्हणाली. "तो लागला की यंदा ते कुठं जात नाहीत."

भाऊ म्हणाला, "मी लावतो ना, आई."

"तुझं घर होईल तेव्हा तुझ्या दाराला लाव."

भाऊ डोलवीला कंपनीत होता. त्यानं शिफ्ट बदलून घेतली. मी लग्न होऊन रोह्यात, त्यामुळे काकांना घेऊन येणं माझ्याकडे. बाकी सगळं मी पेणला येऊन-जाऊन सणाच्या आदल्या दिवशीपर्यंत उरकलं होतं. एक बोटं सोडली तर काही राहिलं नव्हतं, आणि बोटांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. आईच्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता. तरी गाडीत बसले तेव्हा माझ्याही मनात तेच चालू होतं, की छाप उठला तर बरं.

रोह्याच्या पुढच्याच स्टेशनला, निडीला, गाडी थांबली ती थांबलीच. मी तीनदा दारात जाऊन सिग्नल बघून आले. काका कापडात गुंडाळलेली सुरी मांडीवर घेऊन शांत बसले होते.

"मिसरातून निघालेल्यांना चाळीस वर्षं लागली गं," ते म्हणाले. "आपण तर निडीपर्यंत आलोयसुद्धा."

मला हसू आलं नाही. सूर्य मावळला की सण लागतो, त्याच्या आत सगळं व्हायला हवं होतं.

पोचलो तेव्हा ऊन अंगणाच्या टोकाला गेलं होतं. शेजारची मावशी बाबांच्या खाटेजवळ बसली होती. ती मिठागरावर काम करायची आणि आमच्या सणाच्या तबकात आसवांची आठवण म्हणून ठेवायच्या खारट पाण्याला मीठ दर वर्षी तिच्याकडूनच येई. त्या दिवशी तिनं तेच मीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून बाबांची मूठ सकाळपासून शेकली होती. कातडी लाल झाली होती. मूठ तशीच.

काकांनी मागच्या दारी काम उरकलं आणि रक्ताचा वाडगा आणला. भावानं बाबांना पाठीमागून धरून बसवलं. आईनं कागद पाटावर ठेवला आणि ती बाबांचं एकेक बोट उघडायला लागली. करंगळी जरा हलली. अंगठा बाहेर येईना. आईनं जोर लावला. बाबांच्या घशातून आवाज आला, तसा मी कधी ऐकला नव्हता.

"नको गो वढू," मावशी म्हणाली. "हात हाय तो. दार नाय."

"आई, सोड," मी म्हटलं.

ती सोडेना. "अहो, एकदाच उघडा," ती बाबांना म्हणत होती. "एकदाच. मग वर्षभर मिटून ठेवा."

काका म्हणाले, "वहिनी, डावा चालेल. रक्त गोठायला लागलंय."

बाबांना ऐकू येत होतं. त्यांनी चांगला असलेला डावा हात उचलला आणि चादरीखाली घातला. काकांकडे पाहिलंही नाही.

आई थांबली. मग तिनं ती मूठ दोन्ही हातांत धरली, तशीच वाडग्यात बुडवली आणि कागदावर दाबली. उचलल्यावर खाली एक जाड, वाकडा डाग होता. बोटं नाहीत, तळवा नाही.

"हा हात आहे, हे कुणाला कळणार?" आई म्हणाली.

भावानं कागद चौकटीला लावला. मी वाडगा धुतला.

संध्याकाळी बाबांच्या जागी बसून भाऊ सणाची पोथी वाचायला लागला, अडखळत. घाईनं मिसर सोडल्याचं पद आलं की सगळ्यांनी तबकाला हात लावून ते वर उचलायचं असतं. आईनं बाबांची मूठ तबकाखाली सरकवली. तबक त्यांच्या बाजूनं कललं, खारट पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. पुसायला मी उठले तर आईनं नजरेनंच बसवलं. पद संपेपर्यंत आम्ही ते तबक तसंच कललेलं धरून होतो. आई सारखी दाराकडे बघत होती.

बाबा पाऊस संपायच्या आत गेले.

पुढच्या वर्षी सणाआधी चुन्याला माणूस बोलावला. शिडी लावून त्यानं विचारलं, "ताई, हा कागद काढू ना?"

मी अंगणात खड्डा खणून ठेवला होता. आई दारात येऊन उभी राहिली. शिडीच्या समोरून ती हलेना.

"राहू दे," मी म्हटलं. "कडेकडेनं मार."

भाऊ त्या वर्षी नवा कागद घेऊन आला होता. त्यावर त्यानं आपला पंजा उठवला आणि तो आम्ही खाली, दाराच्या बाजूला लावला. खड्डा मी संध्याकाळी बुजवून टाकला.