पाण्यात ओढणारं मशीन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. ओझरच्या गणपतीपुढे हात जोडले की तोंडाशी येतं — आणि मी पोरांच्या नोकरीचं काहीतरी मागून मोकळा होतो. मागची रांग ढकलत असते, देवाला तरी किती वेळ थांबवायचं? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय.

बघा, लगेच विषय सोडून देवळात गेलो. मुद्द्यावर यायचं म्हटलं की माझं हे असंच होतं. स्वतःचाच वैताग येतो.

तर मी दत्तू. पिंपरी पेंढारला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणून टाकतात आणि मी तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतो. एवढंच करत राहिलो असतो तर आज सुखात असतो. पण हातात मोटार आली की हिच्यापासून आणखी काय होईल, ही खाज मला लहानपणापासून. गावात मला शास्त्रज्ञ म्हणतात. कोण मानानं म्हणतो आणि कोण चेष्टेनं, ते मला अजूनही कळत नाही.

पहिल्यांदा केला तो हातानं फिरवायचा टॉर्च. आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची येते, आणि उसात बिबट्या. ऐन वेळी टॉर्चची बॅटरी उतरली म्हणजे संपलंच. म्हणून एका जुन्या प्रिंटरमधली मोटार काढली, तिला दांडी लावली, पुढे एलईडी बसवली. दांडी फिरवा, उजेड पाडा. सेल नको, चार्जिंग नको. लोकांनी हौसेनं नेले. आणि आठवड्यात तक्रार आली — बिबट्या दिसला की भीतीनं हात थांबतो, हात थांबला की उजेड जातो. म्हणजे नको तेव्हा टॉर्च चालू, आणि पाहिजे तेव्हा अंधार! पारावर बसून माणसं पोट धरून हसली. ‘दत्तूची वस्तू म्हंजी काय राव, कामाच्या टायमाला बंद!’ हे वाक्य मी लग्नात ऐकलं, दहाव्याला ऐकलं, सलूनमध्ये गळ्याला वस्तरा लावलेला असताना ऐकलं. पुढे मी त्यात उजेड काही वेळ टिकेल अशी सोय केली. पण चेष्टा एकदा चालू झाली की ती कुठल्या दुरुस्तीनं थांबते?

हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वाक्याचा मला किती राग होता, तेवढं फक्त तुम्हाला माहीत असावं.

आता सोपान. सोपान माझ्या वर्गातला. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीत धुवावी लागतात, आणि हा पोरगा चालायला लागल्यापासून मेंढरांबरोबर डोहात. पाण्यात तो असा सैल पडायचा की आपण घरी खाटेवर पडतो तसा. मेंढरं गेली, शेती आली, पण पाणी सुटलं नाही. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली निम्मी पोरं त्याच्या विहिरीवर. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. पोर बोंब मारायचं, सोपान खालून हसत वर उचलायचा. आया निर्धास्त असायच्या. सोपानच्या विहिरीवर गेलाय म्हटलं की पुढचा प्रश्न नसायचा. माझा मुलगा त्याच्याकडेच शिकला. मला स्वतःला पोहता येत नाही.

आमच्या गावच्या बऱ्याच जणांनी ओझरजवळच्या फुगवट्यातून, म्हणजे धरणाचं पाणी मागे नदीत तुंबतं तिथून, शेतापर्यंत पाइपलाइन आणली आहे. पाइपाच्या तोंडाशी जाळी असते, तिला शेवाळ आणि प्लास्टिक अडकतं. मग कुणीतरी बुडी मारून साफ करायची. बहुतेक वेळा सोपानच. तर माणसाला पाण्याखाली ओढत नेईल असं मशीन करावं, असं माझ्या डोक्यात आलं. इलेक्ट्रिक सायकलची मोटार, बॅटरी, पत्र्याचा पंखा, हे सगळं जाड पाइपात बंद केलं, दोन बाजूंना धरायला मुठी. उजव्या मुठीवर घराच्या बेलचं बटण. दाबलं की चालू, सोडलं की बंद. सोपानला मी हे दहा वेळा सांगितलं. काही झालं तर नुसतं सोड, आपोआप बंद पडतं.

आणि पडायचंही. तेच तर दुखणं झालं. त्याच्या विहिरीत चाचणी घेतली की बटणात पाणी शिरायचं आणि मशीन मध्येच बंद. काठावर रिकामटेकडे असायचेच. ‘दत्तूची वस्तू!’ एवढं एकजण म्हणायचा, बाकीचं बाकीच्यांना पाठ होतं. सोपान पाण्यातून वर बघून म्हणायचा, ‘हुईल रं. घाई कशाला करतो?’

घाई मलाच होती. पुण्याहून पेपरचा एक माणूस फुगवट्यावर मशीन बघायला येणार होता. आता पुण्याचा माणूस काठावर उभा असताना मशीन बंद पडलं तर? मी आयुष्यभर काय ऐकत बसलो असतो, सांगा ना.

तर मी — लिहितो आता. त्या दिवशी सकाळी मी बेलच्या बटणाची वायर कापली. मोटार सरळ बॅटरीला जोडली, मधे एक साधा स्विच टाकला आणि तो मागच्या बाजूला ट्यूबच्या रबरात गुंडाळून बंद केला. तो मी एकदा चालू केला की मशीन चालूच. मुठीवरचं बटण जागच्या जागी होतं, पण त्याला आत काहीच जोडलेलं नव्हतं. दाबलं काय, सोडलं काय.

सोपानला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो शांतपणे म्हणाला असता, मग आज नको. म्हणूनच सांगितलं नाही. विसरलो नव्हतो.

मशीन त्याच्या हातात देऊन म्हणालो, ‘दाब.’ त्यानं दाबलं, त्याच क्षणी मी मागून रबरावरूनच स्विच चालू केला. त्याला वाटलं, त्यानंच चालू केलं.

गेला, अगदी झोकात गेला. काठावर लोकांनी शिट्ट्या मारल्या. पेपरवाला फोटो काढत होता. सोपानच्या कमरेला नेहमीचा दोर होता, त्याच्या बायकोनं हट्टानं बांधायला लावलेला, दुसरं टोक काठावर आमच्या हातात. तो वळून परत येऊ लागला तसा दोर सैल पडला आणि पंख्यात गेला. सोपाननं मशीन सोडलं. बाकीचे सगळे पेपरवाल्याभोवती जमून त्याच्या कॅमेऱ्यातले फोटो बघत होते, पाण्याकडे मी एकटाच बघत होतो. दोन्ही हात पाण्यावर आले, पंजे उघडे, हातात काही नाही. पण मशीन कशाला थांबतंय? ते दोर गुंडाळत राहिलं, आणि दोराच्या टोकाला असलेला माणूस खाली ओढत राहिलं. बघता बघता ते हात पाण्याखाली गेले. आम्ही काठावरून ओढला तर दोर आणखी आवळला. शेवटी दोन पोरं उड्या मारून गेली, कोयत्यानं दोर कापला आणि त्याला बाहेर आणला. ती दोन्ही पोरं त्याच्याच विहिरीवर शिकलेली होती.

तो वाचला. एका कानाचा पडदा गेला, पण वाचला. तो खोकत पडला होता तेव्हा त्याच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी त्यांना वहिनी म्हणतो. ‘बटान सोडलं की बंद पडतं म्हनला व्हता ना तुमी, भावजी?’

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘बंदच पडतं, वहिनी. त्यानं सोडलंच नाही. घाबरला.’

घाबरला! मी हे सोपानबद्दल म्हणालो. पाण्यात. आणि लोकांनी ते मानलं. मशीनमधलं कुणाला काय कळतं? शास्त्रज्ञ सांगतोय म्हणजे तसंच असणार. चेष्टा करायची तेव्हा शास्त्रज्ञ खोटा, आणि नेमका त्याच दिवशी खरा? या गावाचा मला जो संताप येतो तो तुम्हाला सांगून समजणार नाही. एकानंही म्हणू नये, दत्तू, मशीन उघडून दाखव? संध्याकाळी मी दुकानात ते उघडलं, स्विच काढला, वायरी तोडल्या. कुणी बघायला आलं नाही.

पण अजून मी मूळ गोष्टीवर आलेलोच नाही. तुम्हाला वाटलं असेल, झाला सांगून. मलाही वाटत होतं की एवढ्यावर सुटेन.

काही महिन्यांनी सोपान दुकानात आला. कानात कापूस. मी चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘दत्तू, एक इचारू? मला आसं वाटतंय की मी सोडलं व्हतं रं. हात मोकळं झाल्याचं ध्यानात हाये.’

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पेपरवाला नव्हता, वहिनी नव्हत्या, काठावरचे लोक नव्हते. पहिलं खोटं मी घाईत बोललो, तोंडातून गेलं. पण या वेळी मला पाहिजे तेवढा वेळ होता. तो वाट बघत होता. भांडायला आला नव्हता, फक्त स्वतःबद्दलची एक गोष्ट खरी की खोटी हे विचारायला आला होता. ते सांगू शकेल असा जगात मी एकटाच होतो. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, ‘नाकातोंडात पाणी गेल्यावर माणसाला काहीही वाटतं, सोपान. मी काठावरून बघत होतो ना.’

त्यानं मान हलवली. ‘तसंच आसंल,’ म्हणाला. उरलेला चहा प्यायला आणि गेला.

त्या दिवसापासून त्याची स्वतःची आठवण गेली आणि तिच्या जागी मी सांगितलेली आली. तेव्हापासून तो स्वतःच सांगत सुटला. जो भेटेल त्याला! मशीन एक नंबर व्हतं, मीच कच्चा निघालो. बाजारात सांगतो, सोयरिकीत सांगतो, एसटीत शेजारी बसलेल्या पावण्याला सांगतो. माझ्या समोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतो. अरे, एवढं साधं असावं का माणसानं? जरा तरी संशय घ्यावा, एखादी शिवी द्यावी. मला त्याचा राग यायचा — अजूनही येतो. त्याला गप्प करायला मी एकदा खेकसलोही, ‘किती वेळा तेच उगाळतोस?’ तर त्याला वाटलं मी त्याची बाजू सावरतोय. डोळ्यांत पाणी आणलं त्यानं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं पोरांना शिकवणं बंद केलं. आया पाठवायला तयार होत्या, निदान काही जणी. तोच म्हणाला, ‘जो सोता भितो त्यानं दुसऱ्याचं लेकरू पान्यात कसं घालायचं?’ आता तो विहिरीच्या कठड्याजवळ जात नाही. पाणी किती आहे ते बघायला वहिनी जातात. कठड्यापासून चार हात लांब उभा राहून तो विचारतो, आणि त्यांनी सांगितलेलं एका कानानं ऐकतो. हे मी रस्त्यावरून गाडीवर जाताना बघितलंय. गाडी थांबवली नाही.

समोर जाऊन सांगावं एवढं मला कळतं. कळतं म्हणून काय होतं? चार वेळा त्याच्या वस्तीच्या वाटेला लागून परत आलोय. म्हणून हे असं लिहून, लांबून. सोपानचं नाव मी बदललेलं नाही. त्याच्या घरी वाचणारी माणसं आहेत. कळेल तेव्हा कळेल. त्यावर त्यानं काय करावं हे सांगणारा मी कोण?

लिहायला बसलो ते परवाच्या गोष्टीमुळे. गावच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि पाहुणा म्हणून मी. हार, शाल, नारळ, सगळं झालं. मी टॉर्च फिरवून दाखवला. मग मुख्याध्यापकांनी विचारलं, पालकांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? सोपान उठला. त्याची नात चौथीत आहे. कानामुळे तो हल्ली जरा ओरडूनच बोलतो, त्यामुळे माइक लागला नाही.

‘पोरांनो,’ तो म्हणाला, ‘ह्यांनी पान्यात पळनारं मशीन केलं व्हतं, लई भारी. ते मी वाया घालावलं. बटान सोडायचं, एवढंच माझं काम व्हतं, पर मी भ्यालो. तुमी आसं भिऊ नका. माझ्यावानी व्हऊ नका.’

त्याची नात मुलींच्या रांगेत बसली होती. बाकीच्या मुली तिच्याकडे वळून बघायला लागल्या तशी तिनं मान खाली घातली. मुख्याध्यापकांनी खूण केली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.